जॉफिश बिळाबाहेर येत नसेल तर

चार दिवसांपूर्वी आणलेला पिवळ्या डोक्याचा जॉफिश (बिळात राहणारा खाऱ्या पाण्यातला छोटा मासा) खडकामागे दडून बसतो, खात नाही, टाकीत बारीक वाळूचा दोन इंचांचा थर आहे, तेव्हा त्याला पकडून दुसऱ्या टाकीत हलवावे का, असे आपण विचारले आहे. कृपया हलवू नका. आपण वर्णिलेल्या स्थितीत त्याला आजारापेक्षा घर नसल्याचा त्रास अधिक आहे, असे मला वाटते.

हा मासा फ्लोरिडा, बहामा आणि कॅरिबियन समुद्रातला. तेथे तो प्रवाळांच्या आसपास वाळू आणि चुऱ्याच्या तळात उभे बीळ खणतो आणि दिवसा बिळाच्या तोंडावर शेपटी खाली ठेवून तरंगत, वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतो. खणण्याचे सारे काम तो तोंडानेच करतो. नुसत्या बारीक वाळूचे बीळ मात्र उभे राहत नाही. भिंतींना आधार म्हणून त्याला शिंपल्यांचे व प्रवाळाचे तुकडे रचावे लागतात. म्हणून निदान पाच इंचांचा थर हवा, आणि त्यात बारीक वाळू, जाडसर रेती व हरभऱ्यापासून सुपारीएवढे तुकडे यांचे मिश्रण हवे. सगळी टाकी भरणे शक्य नसेल तर एक कोपरा उंच केला तरी चालते. धुतलेली भर रुंद नळीतून अलगद तळाशी सोडावी आणि जुना थर ढवळू नये.

त्याआधी एक गोष्ट तपासा: मोठे खडक वाळूवर ठेवले आहेत की थेट काचेच्या तळावर? वाळूवर असतील तर हा मासा त्यांच्याखाली पोखरेल आणि खडक त्याच्याच अंगावर कोसळेल.

दुसरा धोका उडी मारण्याचा. माझा पहिला जॉफिश मी अशाच चुकीने गमावला. झाकण होते, पण फिल्टरच्या नळीसाठी मागे चार बोटांची फट ठेवली होती, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो कपाटामागे वाळलेला सापडला. नव्या जागी, विशेषतः रात्री, तो बिथरतो. बारीक जाळी लावून प्रत्येक फट बुजवा आणि पहिला आठवडा प्रकाश मंद ठेवा.

अन्नासाठी त्याच्यामागे लागू नये. पंप थोडा वेळ बंद करून मायसिस किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) लांब नळीने बिळाच्या तोंडाजवळ, किंचित वरच्या बाजूला सोडा. दिवसातून दोन-तीन वेळा, थोडे थोडे. टाकीत डॉटीबॅक किंवा ट्रिगरसारखे दांडगे मासे असतील तर मात्र हलवायचे ते त्यांनाच. तापमान 24 ते 27 अंश ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत त्यासाठी पंखा किंवा चिलर (पाणी गार करणारे यंत्र) लागतोच.

संध्याकाळी त्याने बिळाचे तोंड खड्याने बंद केले तर घाबरू नका, ती त्याची रोजची कडी आहे. पुढे कधी जबडा फुगलेला दिसला आणि त्याने खाणे कमी केले, तर नर तोंडात अंडी सांभाळत असेल. तेव्हाही बिळात काडी घालून पाहण्याचा मोह आवरावा.

भर घातल्यानंतरही आठवडाभर तो खात नसेल, किंवा श्वास जोरात चाललेला, अंगावर पांढरा थर आलेला दिसत असेल, तर अमोनिया व क्षारतेचे आकडे आणि एक स्पष्ट छायाचित्र येथे टाका.