चिपाड पुरत नाही, आणि मुलगा म्हणतो सोलर!

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचं गुळाचं गुऱ्हाळ आहे. मुलगा इंजिनिअर होऊन आलाय. गुऱ्हाळ आणि घर मिळून पर्यावरणाचा पाच वर्षांचा आराखडा करू म्हणतोय. यादीत पहिलं सोलर, मग झाडं. इकडे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड जाळायला पुरत नाही, जळण विकत आणावं लागतं. सुरुवात कुठून करू?
– एक गुऱ्हाळमालक

उत्तर : मुलाचं कौतुक आहे, पण ही यादी म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. तुमची खरी ऊर्जा चुलवाणात, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या चुलीत जळते. शंभर किलो रसात ऐंशीच्या आसपास पाणीच असतं, ते उडवायला सगळा जाळ. त्यात चरकातून आलेल्या ताज्या चिपाडाचं निम्मं वजन पुन्हा पाणी! तसंच चुलीत घातलं तर ते आधी स्वतःलाच वाळवत बसतं. खणखणीत वाळलेलं चिपाड किलोमागे जवळपास दुप्पट उष्णता देतं. म्हणून पहिल्या वर्षाचा आराखडा एवढाच: वाळवायला मोकळं अंगण, रचलेल्या गंजीवर ताडपत्री आणि रोज किती जाळलं, किती गूळ निघाला याची वही. अवकाळीचा भरवसा कोण देणार?

मग चुलवाणात जळण घालणाऱ्या जळव्याशेजारी तासभर बसा. (मुलालाही बसवा, पदवीला शोभेल.) मोठी कवळ एकदम कोंबली की धुराड्यातून काळा धूर येतो, तो न जळलेलं चिपाडच असतं. थोडं थोडं, सारखं घातलं की धूर विरळ होतो. त्या धुराबरोबर जाणारी उष्णताही अडवता येते: धुराड्याच्या वाटेवर दुसरी काहील (रसाची मोठी कढई) बसवा, पुढच्या खेपेचा रस तिथेच तापेल. हे काम मात्र चुलवाण बांधणाऱ्या जाणत्या गवंड्याकडूनच. ओढ बिघडली तर जाळच धरणार नाही.

जळण कमी पडलं म्हणून जुने टायर, चपलांचे तुकडे जाळत असाल तर आजच बंद करा. राख शेतात टाकायच्या लायकीची राहत नाही, आणि तो धूर आधी जळव्याच्या छातीत जातो.

मळी (उकळत्या रसावरून काढलेला मळ) आणि काहिली धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नका. गोड पाणी कुजताना ओढ्यातला प्राणवायू खातं, आणि आपले ओढे शेवटी पंचगंगेलाच मिळतात. मळी शेणात मिसळून खड्ड्यात घाला, उसालाच खत होईल.

घराचं म्हणाल तर आंघोळीचं पाणी सौर बंबावर तापवा, बाकी नंतर बघू. सोलर पॅनेलचा विषय चिपाड उरायला लागलं की काढा. चरकाची मोटर किती युनिट खाते, तेवढं मात्र मुलाला आत्ताच वहीत लिहायला सांगा.