दिजाँ एका दिवसात : कुठली चर्च, कुठले वाडे आणि काय खुशाल सोडायचं

पॅरिसच्या मुक्कामातला एक दिवस बर्गंडी प्रांतातल्या दिजाँला द्यायचाय, सोबत सत्तरीतले आईबाबा आहेत, आणि "सगळी चर्च सारखीच असतात" असं बाबांनी आधीच जाहीर केलंय, असं तुम्ही लिहिलंय. बाबांचं फार चुकत नाही. ओळीने पाच चर्च बघितली की तिसऱ्यानंतर डोळे काम करेनासे होतात. दिजाँत मात्र चर्च आणि वाडे आलटूनपालटून बघता येतात, आणि जुनं गाव पायी फिरण्याइतकंच आहे. बाबांना आधी एवढंच सांगून ठेवा की हे न्यायाधीशांचं गाव आहे.

दिजाँ म्हटलं की सगळे बर्गंडीच्या ड्यूकांबद्दल, म्हणजे इथल्या जुन्या सत्ताधीशांबद्दल बोलतात. ड्यूक श्रीमंत होतेच, फ्लँडर्सपर्यंत, म्हणजे आजच्या बेल्जियमपर्यंत, त्यांचा अंमल होता. पण 1477 मध्ये शेवटचा ड्यूक नान्सीच्या लढाईत पडला, फ्रान्सच्या अकराव्या लुईने बर्गंडी खालसा केली आणि दरबार उठला. गाव ओस पडायचं, पण तिथे राजाचं 'पार्लमाँ' बसलं. हे कायदेमंडळ नव्हे, वरिष्ठ न्यायालय. त्यातली पदं पैसे मोजून घेता येत, आणि 1604 पासून वर्षाला ठरावीक कर भरला की पद मुलाकडे जायचं. वतनच म्हणा ना. पुढच्या दीडदोनशे वर्षांतले बरेचसे वाडे या मंडळींचे आहेत. त्यांच्या नावात 'ओतेल' असतं, पण तिथे खोली मिळत नाही.

पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने दीडपावणेदोन तास लागतात. स्टेशनातून बाहेर पडून चालत निघालात की सँ-बेनीन्य कॅथीड्रल लागतं. वरचं गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीतलं, चर्च पाच मिनिटांत उरका. खरी गोष्ट तळघरात आहे. 1001 मध्ये व्होल्पियानोच्या गियोम या मठाधिपतीने इथे तीन मजली गोल इमारत बांधायला घेतली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात वरचे मजले पाडले, तळमजला भरावाखाली गेला तो 1843 मध्ये पुन्हा सापडला. थोडं तिकीट आहे आणि पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा आईंच्या गुडघ्यांचा अंदाज घ्या. खाली बुटके खांब गोलाकार उभे आहेत. त्यांच्या माथ्यावर दोन्ही हात वर करून प्रार्थना करणारी माणसं इतकी ओबडधोबड कोरलीत की लहान मुलाने काढल्यासारखी वाटतात. काही माथे कारागिराने अर्धवटच सोडलेत.

शेजारचं सँ-फिलिबेर बाहेरून बघा. बाराव्या शतकातलं हे चर्च क्रांतीनंतर मिठाचं कोठार झालं. मीठ दगडात मुरलं, आणि विसाव्या शतकात कुणाच्या तरी डोक्यातून आत गरम होणारी फरशी घालायची कल्पना निघाली. उष्णतेने मीठ वर चढलं आणि दगड पोखरायला लागला. बाबा इंजिनिअर असतील तर इथे थोडे रेंगाळतील.

आता नोत्र-दाम. हे पॅरिसचं नव्हे, दिजाँचं, तेराव्या शतकातलं. आत शिरण्याआधी समोरच्या गल्लीत उभं राहून वर बघा: विचित्र प्राण्यांच्या आणि माणसांच्या तीन रांगा भिंतीतून बाहेर डोकावतात. यांच्यातून पावसाचं पाणी पडत नाही, ही नुसती शोभा. मूळच्या मूर्तींची कथा अशी सांगतात की एक सावकार लग्नासाठी दारात आला आणि वरच्या दगडी सावकाराच्या हातातली थैली नेमकी त्याच्या डोक्यात पडून तो गेला. मग गावच्या बाकीच्या सावकारांनी पैसे चारून मूर्ती काढून टाकायला लावल्या. आज दिसतात त्या 1880 च्या सुमाराच्या. वर उजवीकडे घड्याळ आहे, ते 1382 मध्ये ड्यूक फिलिपने फ्लँडर्समधल्या कोर्त्राईहून लूट म्हणून आणलेलं. त्यावर टोल देणारा जाकमार नावाचा पुतळा आधी एकटाच होता. पुढे लोकांनी त्याला बायको दिली, मग मुलगा, आणि 1884 मध्ये मुलगी. तास पडायच्या वेळी खाली उभे राहा.

चर्चच्या उत्तरेकडच्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या दगडात हात पोचेल एवढ्या उंचीवर एक घुबड कोरलंय. डावा हात लावून इच्छा मागायची पद्धत आहे. शतकानुशतकं हात फिरून त्याचे डोळे-चोच सगळं गुळगुळीत झालंय. 2001 मध्ये कुणीतरी त्यावर हातोडा चालवला, तेव्हा गावाला अगदी घरचं कुणी गेल्यासारखं झालं. नंतर डागडुजी झाली. आपल्याकडे घुबड अपशकुनी म्हणून आई हात लावणार नसतील तर आग्रह करू नका.

त्याच गल्लीत, चर्चच्या पाठीमागे ओतेल द व्होग्युए, 1614 च्या सुमाराचा, पार्लमाँच्या एका न्यायाधीशाचा. छपरावर रंगीत झिलईच्या कौलांची नक्षी आहे. दार उघडं असेल तर बिनधास्त चौकात जा. आमच्यासारखे लोक रस्त्यावरून फोटो काढून पुढे जातात, पण या वाड्यांची सगळी श्रीमंती आतल्या चौकात असते.

आणि एकच चौक बघायचा तर र्यू दे फोर्ज या रस्त्यावर 34 नंबरचा, ओतेल शांबेलाँ. हा पार्लमाँच्या बहराच्या आधीचा, पंधराव्या शतकाच्या शेवटचा. बाहेरून काहीच कळत नाही, एका बोळातून आत जावं लागतं. कोपऱ्यात दगडी गोल जिना आहे. जिन्याच्या मधल्या खांबावर अगदी वर एक दगडी माळी उभा आहे, त्याच्या खांद्यावर टोपली, आणि छताच्या सगळ्या कमानी त्या टोपलीतून फांद्यांसारख्या फुटतात. मान मोडेपर्यंत बघत राहावं असं काम आहे. शेजारीच 1561 चं मेझाँ मिल्साँ, दर्शनी भाग नक्षीने इतका भरलाय की मला जरा जास्तच वाटतो.

जेवण त्याच भागात करा. आईबाबा शाकाहारी असतील तर गुझेर, म्हणजे चीजचे फुगीर गोळे, बेकरीत मिळतात. दुपारी ड्यूकांच्या राजवाड्यातलं कलासंग्रहालय: प्रवेश फुकट, मंगळवारी बंद, बसायला बाकं भरपूर. ड्यूकांच्या थडग्यांखालून रडत चाललेल्या, अलाबास्टर या मऊ पांढऱ्या दगडात कोरलेल्या छोट्या भिक्षूंची मिरवणूक चुकवू नका. राजवाड्याचा मनोरा सोडा, 316 पायऱ्या आहेत. सँ-मिशेल चर्चही वेळ असेल तरच. आतून गॉथिक, बाहेरून त्यानंतरच्या रेनेसाँ शैलीतलं, ही गंमत बाबांना आवडेलही, पण पाय थकलेले असतील.

दोन तास उरले तर माझं मत 'मोझेसच्या विहिरी'ला. स्टेशनच्या पलीकडे, एका मनोरुग्णालयाच्या आवारात. ड्यूकांनी बांधलेल्या मठाचा हा उरलेला तुकडा. 1395 ते 1405 च्या दरम्यान शिल्पकार क्लाउस स्लूटरने कोरलेले बायबलमधले सहा माणसाएवढे संदेष्टे. त्यांतल्या यिर्मयाच्या नाकावर तेव्हा खरा तांब्याचा चष्मा होता, त्याच्या खर्चाची नोंद ड्यूकांच्या हिशेबात आहे. वेळा बदलतात, म्हणून सकाळीच पर्यटन कार्यालयात विचारून ठेवा, आणि परतीची गाडी सातच्या आधीची काढू नका.