घरच्या श्रमांचा रकाना

प्रिय तरुण मित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

कृषी अर्थशास्त्रात संशोधन करावे की सरळ नोकरी धरावी, असे तू विचारले आहेस आणि छत्तीस वर्षांच्या अध्यापनातून माझ्या हाती काय लागले, हेही कळवायला सांगितले आहेस. पहिल्या प्रश्नाचा निर्णय तुझा तूच घ्यावास. दुसऱ्याचे उत्तर मात्र उत्पादनखर्चाच्या प्रश्नावलीतील एका रकान्यात आहे, हे वाचून तुला कदाचित हसू येईल.

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी दीडशे शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. बियाणे, खते, औषधफवारणी, यंत्रांचे भाडे आणि रोजंदारी यांचे आकडे नीट मांडले, घरच्या माणसांच्या कामाला बाजारातील मजुरीचा दर लावला, आणि निम्म्याहून अधिक कुटुंबे तोट्यात असल्याचे दिसताच शेतकऱ्यांना हिशेब कळत नाही, असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने लिहून मोकळा झालो. मार्गदर्शकांनी कच्चा मसुदा परत करताना एवढेच विचारले की, ज्या महिन्यांत आसपास रोजंदारीचे कामच मिळत नाही, त्या महिन्यांतील आजोबांच्या राखणीला आणि मुलांच्या खुरपणीला तू पुरी मजुरी कोणत्या आधारावर लावलीस? मी निम्मा दर धरून पुन्हा आकडेमोड केली, तेव्हा बरीच कुटुंबे नफ्यात आली. शून्य दर धरला, तेव्हा जवळजवळ सगळीच आली. कुटुंबे तीच, शेते तीच, पीकही तेच. नफातोटा माझ्या लेखणीत होता.

हे दुखणे जुने आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चयानोव यांनी १९२० च्या दशकातच असे मांडले होते की, जेथे मजूर लावलेलेच नाहीत, अशा कौटुंबिक शेतीत मजुरी वजा करून नफा काढणे हा मुळात हिशेबाचा चुकीचा प्रकार आहे. कुटुंब आपल्या गरजा आणि कामाचा शीण यांचा मेळ घालून किती राबायचे ते ठरवते. त्यांना १९३० मध्ये अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या मुख्य ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६६ मध्ये निघाले. माझ्या विद्यार्थिदशेत ते ग्रंथालयात होते, तरी मी ते उघडले नव्हते.

माझी दुसरी फजिती निवृत्तीनंतरची आहे. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये भारतातील आकडेवारीवरून लहान शेतांचे दर एकरी उत्पादन मोठ्या शेतांपेक्षा अधिक दिसते, याकडे लक्ष वेधले आणि लहान शेतकरी घरचे श्रम मजुरीच्या दराचा विचार न करता ओततो, हे त्याचे एक कारण सांगितले. मी हा संबंध वर्षानुवर्षे फळ्यावर उतरत्या रेषेने काढत आलो. पुढे २०१८-१९ च्या सुमारास इथिओपिया आणि युगांडा येथे अभ्यासकांनी शेतकऱ्याने तोंडी सांगितलेले उत्पादन आणि प्रत्यक्ष पीक कापून, वजन करून मोजलेले उत्पादन यांची तुलना केली, तेव्हा लहान तुकड्यांवरील उत्पादन तुलनेने फुगवून सांगितले जाते असे आढळले आणि वजनाच्या आकड्यांत ती उतरती रेष जवळजवळ उरलीच नाही. यामुळे सर्वत्र तो संबंध खोटाच आहे, असे मी म्हणणार नाही. पण माझी फळ्यावरची रेष जितकी ठाम होती, तितके ठाम राहण्याचा अधिकार मला नव्हता.

म्हणून शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याआधी आपला रकाना तपासावा. अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिकस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील संकरित मक्याचा प्रसार तपासला, तेव्हा आयोवा राज्याच्या मानाने अलाबामा मागे का राहिला, याचे उत्तर त्यांना स्वभावात शोधावे लागले नाही; त्या भागाला मानवणारे बियाणे कंपन्यांनी तेथे केव्हा आणले आणि त्यातून किती फायदा दिसत होता, यांतून बराचसा उलगडा झाला.

पदे, समित्या आणि सत्कार यांविषयी लिहिण्याजोगे माझ्याकडे फारसे नाही. समित्यांत चहा भरपूर प्यायलो.

तू हा मार्ग धरलासच, तर पाहणीला स्वतः जा आणि शक्यतो काढणी संपताच जा, कारण सहा महिन्यांनी विचारलेल्या श्रमाच्या तासांत स्मरणापेक्षा अंदाज अधिक असतो. बायकांच्या कामाचे तास कुटुंबप्रमुखाकडून भरून घेऊ नकोस. ते त्यांनाच विचार. घरच्या श्रमांना एकच दर लावून थांबू नकोस; तीन वेगवेगळे दर लावून तिन्ही निकाल शोधनिबंधात छाप, आणि निष्कर्षाची दिशा कोणत्या दराला उलटते ते लपवू नकोस. परीक्षक कुरकुर करतील. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही त्यांनी केली.

पहिल्या पंधरा प्रश्नावल्या भरून झाल्या की सारणी करण्यापूर्वी त्या तशाच माझ्याकडे पाठव. अक्षर वाईट असले तरी चालेल, पण समासात लिहिलेले काही खोडू नकोस.

तुझा हितचिंतक,
एक सेवानिवृत्त प्राध्यापक