जवसाची चटणी, मेथीचं पाणी आणि गोळ्या

प्रश्न : वय 54, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 158. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू आहे. घरचा जवस आहे, रोज चमचाभर अख्खा पाण्याबरोबर गिळतो. गोळी बंद करू का? की जवसाचं तेल घेऊ?
– एक वाचक, औसा

उत्तर : अख्खा गिळलेला जवस बराचसा तसाच बाहेर पडतो, टरफल आतड्यात फुटत नाही. तो भरडलाच पाहिजे. जवसातला बुळबुळीत चोथा पित्ताम्लं धरून शौचावाटे बाहेर नेतो. मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. तेलात ओमेगा-3 (एक चांगली चरबी) उतरतं. चोथा सगळा आणि लिग्नन (जवसातलं एक वनस्पतिजन्य द्रव्य) जवळजवळ सगळं पेंडीत राहतं. म्हणजे या कामाला तेलापेक्षा आपली चटणीच बरी.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, करपवू नका. पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. लसूण, जिरं, तिखट घाला, मीठ मात्र बेतानं. सुकं खोबरं टाळा, त्यातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवते. भरडलेला जवस लवकर खवट होतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर, म्हणून आठवड्यापुरताच करून फ्रिजमध्ये ठेवा.

अभ्यासांमध्ये साधारण 30 ग्रॅम, म्हणजे चारेक मोठे चमचे पूड रोज दिलेली असते. एका चमच्यापासून सुरुवात करा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगतं, शौचाला घट्ट होतं. औषधं आणि चटणी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोळी बंद करू नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलसाठी सहसा देतात ते औषध) एलडीएल 30 ते 50 टक्के उतरवतं, जवस त्या मानानं थोडंच.

प्रश्न : मेथी रात्री भिजवून सकाळी पाणी पिते, दाणे टाकून देते. साखर काही उतरत नाही.
– एक वाचक, वसमत

उत्तर : टाकता तेच कामाचं आहे, ताई. जेवणानंतर साखर रक्तात सावकाश जाऊ देणारा चिकट चोथा दाण्यातच असतो. 10 ग्रॅम (अडीच-तीन छोटे चमचे) मेथी भिजवून दाण्यांसकट खा, किंवा पूड भाकरीच्या पिठात घाला. ग्लिमेपिराइड (मधुमेहाची एक गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. गरोदरपणात एवढी मेथी नको.