चिरा देऊन आणि घड्या घालून कागद लवचिक होतो, तसेच इतर पदार्थांतही साधते का?

होय, साधते; कारण अशा रचनेत पत्रा किती लांबेल हे तो कशाचा आहे यापेक्षा चिरांच्या मांडणीवर अधिक अवलंबून असते. एकाआड एक सरकवलेल्या समांतर चिरा दिलेला पातळ पत्रा ओढला, की चिरांमधल्या पट्ट्या वळून वर-खाली उचलल्या जातात आणि मूळ पदार्थ फारसा न ताणताच पत्रा लांबतो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ग्राफीन या एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्यातही हे करून दाखवले. घड्यांचे उदाहरण त्याहून जुने आहे: जपानी अवकाश-अभियंते कोर्यो मिउरा यांची घडी एका दिशेने ओढली तर आडव्या दिशेनेही उलगडते, म्हणूनच १९९५ मध्ये सोडलेल्या स्पेस फ्लायर युनिट या जपानी अवकाशयानावर तिचा प्रयोग झाला. मात्र चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि वारंवार ओढल्यास पत्रा तिथूनच फाटू लागतो. टोकाला बारीक गोल छिद्र पाडल्यास फाटणे लांबते, पण टळत नाही.