तिष्ठणे वेगळे, वाट पाहणे वेगळे

म्हापशाहून एका वाचकाने विचारलंय: ‘माझी स्क्रिप्ट स्टँडर्ड इनपुट (एरवी कीबोर्डवरून येणारा मजकूर) वाचायला गेली की कोणी काही टाइप करेपर्यंत तिथेच अडकते. तसं न अडकता वाचण्याला, नॉन-ब्लॉकिंगला, ‘अनवरोधित वाचन’ म्हणावं का?’

मुळीच नाही. हा ‘अवरोध’ ऐकून कान किटले. त्यात रुध् आहे, अडवणं आहे. इथे अडवतं कोण? इनपुट आलेलं नाही म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) झोपवून ठेवतो. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएस या कमांडच्या यादीत तिच्यापुढे चक्क झोपेचा एस दिसतो. ती तिष्ठते!

तिष्ठत हा स्था धातूचा. पाणिनी अष्टाध्यायीच्या ७.३.७८ या सूत्रामध्ये स्थाचा तिष्ठ करतो, आणि त्याच सूत्रात सद्‌चा सीद, दृश्‌चा पश्य. उभं राहणं, बसणं, पाहणं, तिन्ही एका ओळीत! आपण ‘तिष्ठत बसलो’ म्हणतो तेव्हा शब्दशः ‘उभं राहत बसलो’ असं म्हणतो, आणि ते कोणालाच खटकत नाही. उभं राहणं गळालं, खोळंबा तेवढा उरला.

ब्लॉकिंगला ‘प्रतीक्षा’ म्हणा, असं सुचवणाऱ्यांचंही मला पटत नाही. प्रतीक्षेत ईक्ष् आहे, म्हणजे बघणं. झोपलेली प्रोसेस कुठे काय बघते? आमच्याकडे सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, येतो (शब्द पोर्तुगीज, पावाच्या मागोमाग आलेला). आई पिशवी घेऊन दारात उभी, दुसरं काम बंद: ती तिष्ठते. मी चहा उकळताना मधूनच खिडकीतून डोकावतो, सायकल दिसली नाही तर परत चुलीकडे: मी वाट पाहतो. तुमच्या स्क्रिप्टला हेच हवंय. म्हणून ‘डोकावून वाचणे’ म्हणा.

बॅश या शेलमध्ये रीड या कमांडला -टी ० (शून्य सेकंदांची मुदत) दिलं की तो नुसता डोकावतो, वाचत काही नाही. पायथनमध्ये सिलेक्टला, म्हणजे इनपुट तयार आहे का हे सांगणाऱ्या फंक्शनला, ० सेकंदांची मुदत द्या. विंडोजवर मात्र ते सॉकेटपुरतंच, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीपुरतंच, चालतं. आणि टर्मिनल एरवी एंटर दाबल्याशिवाय ओळ पुढे सोडत नाही, तेव्हा नुसती अक्षरं टाइप झाली असतील तर डोकावूनही काही दिसणार नाही.

‘अजून आलं नाही’ आणि ‘संपलं’ यांत गल्लत करू नका. सिलेक्ट ‘तयार’ म्हणाला आणि वाचल्यावर शून्य बाइट हाती आले, तर इनपुट संपलं; पदेर आज पुन्हा यायचा नाही.