मुलाखत झाली, निकाल यायचाय... मधल्या दिवसांबद्दल

ताई, तुमचं वाचलं आणि आमचा २०२३ चा उन्हाळा जसाच्या तसा डोळ्यासमोर आला. लेकीची मुलींच्या एसपीआयची (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, अकरावी-बारावीसोबत एनडीएची, म्हणजे फौजेत अधिकारी घडवणाऱ्या अकादमीच्या प्रवेशाची, तयारी करून घेणारी सरकारी संस्था, आपल्या नाशिकचीच) मुलाखत होऊन बारा दिवस झालेत, ती धड जेवत नाही, रात्री उठून वेबसाईट उघडून बघते, मुलाखतीत गंगापूर धरण दारणेवर आहे असं बोलून गेली तेच घोकत बसलीय, आणि तुम्हाला कळत नाहीये की अकरावीचा फॉर्म आत्ता भरायचा की थांबायचं. सगळ्यात आधी तेच सांगते. थांबू नका, आज रात्रीच भरायला बसा.

हे एवढं ठासून सांगतेय कारण आम्ही ती चूक केली. आमच्या मुलाची छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयची लेखी निघाली होती, मुलाखत झाली, येताना गाडीत येवल्यापर्यंत तो नुसता बोलत होता, खूश होता. आम्ही घरी येऊन मनातल्या मनात त्याची बॅगच भरली म्हणा ना. अकरावीच्या ऑनलाईन फॉर्मचा भाग दोन भरताना दहा कॉलेजं टाकता येत होती तिथे आम्ही तीन टाकली, तीही सगळी वरच्या कटऑफची, कारण डोक्यात एकच की हा काय इथे राहणार नाहीये. निकाल लागला, त्याचं नाव नव्हतं. आणि तोवर अकरावीच्या पहिल्या दोन फेऱ्या हातातून गेलेल्या. नंतर घरापासून लांबचं एक कॉलेज मिळालं, दोन वर्षं रोज दोन बस बदलून गेला पोरगा. एसपीआयचा निकाल आमच्या हातात कधीच नव्हता, कॉलेजांची यादी मात्र पूर्ण आमच्या हातात होती आणि नेमकी तीच आम्ही सोडून दिली, हे मला आजही लागतं.

तर यादी अशी करा की एसपीआय असं काही अस्तित्वातच नाही असं समजून. पहिल्या पसंतीला तेच कॉलेज टाका जिथे ती खरोखर दोन वर्षं जाईल, कारण पहिल्या पसंतीचं लागलं तर अॅडमिशन घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. केटीएचएम, आरवायके, भोसला जे काही तुमच्या डोक्यात असेल त्यांचे गेल्या वर्षीचे कटऑफ तिच्या मार्कांशेजारी लिहून काढा, मग एकदोन वरची, बाकी मिळतीलच अशी, आणि घरून ये-जा झेपेल हे बघून. नंतर एसपीआयमध्ये नाव आलं तर लेखी अर्ज देऊन अॅडमिशन रद्द करता येते, मूळ दाखला परत घेता येतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका जमा करायच्या आधी चांगल्या चारपाच झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा, फीची पावती जपा. आणि हे काम तिला सोबत घेऊन करा. आमच्या ह्यांनी एकट्याने फॉर्म भरला होता, मुलाला वाटलं बाबांनी मला गृहीत धरलं, वरून तो दिवसभर रिकामा, मग वेबसाईट उघडण्याशिवाय करणार काय.

आता त्या वेबसाईटचं. फोन काढून घेऊ नका, भांडणं होतील आणि ती लपून बघेल. ठरवून टाका की दिवसातून दोनदा बघायचं, सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला, आणि बघायचं कोणी तर तुम्ही. तिने नाही. रात्री दोन वाजता कोणतंही ऑफिस निकाल टाकत नाही. आम्ही हे फार उशिरा केलं, शेवटच्या आठवड्यात, पण तेवढ्या पाचसहा रात्री तो झोपला. ऑफिसला फोन एकदा करा, निकाल कुठे लागणार, एसएमएस येणार का, फॉर्मवर दिलेला नंबर तोच चालू आहे ना, एवढं विचारून घ्या आणि वहीत लिहा. रोज फोन करून काही होत नाही, उलट फोन ठेवला की घरातलं प्रत्येक माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघतं.

गंगापूर धरणाचं म्हणाल तर, हो, ते गोदावरीवर आहे आणि नाशिकची मुलगी असून चुकले हे तिला जास्त टोचतंय, ते मी समजू शकते. आमच्या मुलाने नेव्हीचा कॅप्टन आणि आर्मीचा कॅप्टन एकच म्हणून सांगितलं होतं. नेव्हीचा कॅप्टन आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, हे त्याला पक्कं माहीत होतं, तिथे निघून गेलं तोंडातून. त्यानंतर मी काय केलं तर जो नातेवाईक घरी येईल त्याच्यासमोर त्याला मुलाखत पहिल्यापासून सांगायला लावली, मला वाटायचं बोलला की मोकळा होईल. तसं नाही होत ताई. प्रत्येक वेळी सांगताना ती एक चूक मोठी होत गेली आणि जी सातआठ उत्तरं चांगली गेली ती गायबच झाली. शेवटी मामाकडे गेलो तेव्हा तो उठून गच्चीवर गेला. तेव्हा मला कळलं. तुम्ही आजच घरच्यांना, शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांना, सगळ्यांना एकच वाक्य सांगून टाका, निकाल आला की आम्हीच फोन करू. तिच्या आजीलासुद्धा.

एक गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, माणसांना कॉम्प्युटरवर खेळ दिला, दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा हलका झटका. झटका बसणारच हे ठाऊक असलेल्यांपेक्षा बसेल की नाही हे अर्धं अर्धं होतं तेव्हा ताण सगळ्यात जास्त निघाला. हे वाचून मी किती वेळ नुसती बसून होते. कारण आमच्याकडे नाही आलं त्या दिवशी तो रडला, खूप रडला, आणि त्या रात्री दहा तास झोपला. दुसऱ्या दिवशी स्वतः पोहे मागून खाल्ले. तिला भूक नाही, चिडचिड आहे, म्हणजे ती कमजोर आहे असं अजिबात समजू नका, फौजेत कशी टिकणार असं तर चुकूनही बोलू नका, आमच्याकडे एका काकांनी बोललेलं तो अजून विसरला नाहीये. फक्त जेवण अगदीच सुटलं किंवा झोप आठवडाभर नाहीच लागली तर डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही.

शरीर थकवा तिचं. पहाटे गोल्फ क्लबला पळायला जात असेल तर ते मुलाखत झाली म्हणून बंद करू देऊ नका, आमच्याने बंद केलं होतं आणि तिथूनच सगळं घसरलं. शनिवार-रविवार पांडवलेणीच्या पायऱ्या चढा दोघी. गणिताचा तास रोज चालू ठेवा, कारण एनडीएच्या लेखीत गणित ३०० मार्कांचं आहे, जनरल अॅबिलिटी ६००, आणि ते गणित अकरावी-बारावीचंच, एसपीआयमध्ये असो की कॉलेजात असो, करायचं तेच आहे.

आणि हे तिला नक्की वाचून दाखवा. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा असते, बारावीत असतानाही देता येते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. मुलींना ती २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर खुली झाली, पहिली बॅच २०२२ ला आत गेली आणि त्यातल्या सतरा जणी मे २०२५ ला पास आऊट झाल्या. आपली नाशिकची मुलींची संस्था सुरू झाली २०२३ ला. म्हणजे त्या सतरा जणींपैकी एकही तिथून गेलेली नाही, जाणं शक्यच नव्हतं. संस्था चांगलीच आहे, नाव यावं असं मलाही मनापासून वाटतं, पण दार तेवढं एकच नाहीये.

आमचा सध्या इंजिनिअरिंगला आहे. एनडीएची लेखी एकदा निघाली त्याची, एसएसबीला, म्हणजे लेखीनंतरच्या फौजेच्या निवड मुलाखतीला, पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये बाहेर पडला, संध्याकाळच्या गाडीने एकटा परत आला. स्टेशनवर घ्यायला गेले तर म्हणाला, आई, या वेळी कोणाला काही सांगायला नको लावूस, भूक लागलीय. मी काही विचारलं नाही.

कॉलेजांची यादी झाली की इथे टाका, क्रम बघून सांगते. रात्री नऊनंतर मी असते.